राजाच्या पायाखालचा पाट

मी राजाच्या पायाखालचा पाट बोलतोय. सिंहासनाचं कौतुक सगळे करतात. त्याच्यापुढे जमिनीवर मीही असायचो, हे कुणाच्या गावीही नसतं. नसू दे. माझ्याशिवाय इथे कुणी राजा होत नाही.

सुताराने मला सागाच्या एका अखंड फळीतून घडवलं, कारण या घराण्याची रीतच तशी. अभिषेकाच्या वेळी राजाने आपला आपण पाय टेकायचा नाही. ज्या दाईने त्याला वाढवलं, तिने त्याचं पाऊल हातात धरून माझ्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, "हा माझाच." मग मुकुट.

थोरले राजे वारले तेव्हा त्यांचा मुलगा जेमतेम सहा वर्षांचा होता. दाईने त्याचं पाऊल धरलं मात्र, आणि पोर खिदळायलाच लागलं! तळव्याला हात लागला की त्याला हसू आवरायचं नाही. भर दरबारात राजा हसून लोळतोय आणि प्रधान कपाळाला हात लावून बसलाय. इतका खूश मी पुन्हा कधी झालो नाही.

पुढे नदीत नाव उलटली. पोराचा देहसुद्धा सापडला नाही. काही वर्षं गेली आणि 'मीच तो, वाचलो' म्हणणाऱ्यांचं पीक आलं. प्रत्येक वेळी दाई आशेने पाऊल हातात घेऊन तळव्यावरून बोट फिरवायची. प्रत्येक वेळी ती मान हलवून मागे सरायची.

शेवटचा मात्र पक्का होता, खुद्द प्रधानाने पढवलेला. पूर्वजांची नावं तोंडपाठ, हनुवटीवरची खूणसुद्धा जागच्या जागी. दाईने त्याच्या तळव्यावरून बोट फिरवलं. तो ताठ बसून राहिला. राजाने हसायचं नसतं, हेच तर त्याला शिकवलं होतं!

"हा नव्हे," दाईने पाऊल सोडून दिलं.

"अगं, मोठेपणी गुदगुल्या जातात," प्रधान दातओठ खात म्हणाला. "हो म्हण, नाहीतर राजवाड्यातली खोली सोड."

"गुदगुल्या जात नाहीत, प्रधानजी. माणसं जातात."

त्याच संध्याकाळी तिला हाकललं, माझ्यासकट. दुसऱ्या दिवशी खोट्या राजाला खोटी दाई मिळाली, आणि सोन्याचा मुलामा दिलेला नवा पाट. चोर चोर मावसभाऊ होतेच, आता त्यांना एक मावशीही मिळाली!

हल्ली मी दाईच्या भाड्याच्या खोलीत असतो. माझा एक पाय डुगडुगतो. माझ्यावर बसून ती भाजी निवडते. परवा शेजारीण म्हणाली, "मावशी, हो म्हणाला असतात तर आज राजवाड्यात असतात."

"असते की," दाई म्हणाली. "पण मग माझ्या पोरासाठी कोण रडलं असतं?"

म्हणून सांगतो, प्रधानजी, मला न्यायला येऊ नका. मुलामा देऊ नका. हवं तर चुलीत घाला, मी कुरकुरणार नाही. राज्य तुम्ही घेतलंत, मुकुटही घेतलात. पाय टेकायची ही वीतभर जागा मात्र त्या खिदळणाऱ्या पोराची आहे, आणि ती मी कुणालाही देणार नाही.