कोण कोणाशेजारी

इस्पितळात तिला सगळे 'आकडेवाली' म्हणायचे, आणि त्या दुपारी आकडेवालीचं धाबं दणाणलं होतं. नवं औषध चाळीसपैकी दहाच रुग्णांना लागू पडलं होतं. या आजाराचे मुळात वेगवेगळे गट आहेत, हे चार वाजेपर्यंत दाखवता आलं नाही, तर ते सरसकट सगळ्यांचं बंद होणार होतं. त्या दहा जणांचंसुद्धा.

प्रत्येकाच्या पेशींत कोणतं जनुक किती काम करतं, याचे आकडे तिच्याकडे होते. गट किती, हे तिने आधी ठरवलंच नव्हतं. संगणक हजारो वेळा रुग्णांची गटांत वाटणी करून पाहायचा आणि आकड्यांना पटणारी वाटणी जास्त वेळा यायची. बहुतेक वेळा गट दोन निघाले. मग तिने प्रत्येकाच्या गटक्रमांकाची सरासरी काढली, तर सगळ्यांची जवळपास दीड! म्हणजे गटबिट काही नाहीच. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

तेवढ्यात निवृत्त शिक्षक असलेल्या बाबांचा फोन आला. तिने सगळं रडगाणं गायलं.

"अगं, माझ्या वर्गात दर सोमवारी पोरं बाकं बदलायची," बाबा म्हणाले. "वर्षभराची सरासरी काढलीस, तर प्रत्येक पोर मधल्याच बाकावर! पण त्या दोन बडबड्या पोरी कुठेही गेल्या तरी शेजारी शेजारीच."

तिने पडद्यावरचे गटक्रमांक पुन्हा पाहिले. संगणक एकाच गटाला कधी 'एक' म्हणतो, कधी 'दोन'. ते नुसतं नाव. शहाणीने नावांची सरासरी काढली होती!

"बाबा, मी गाढव आहे."

"ते मला पहिलीपासून ठाऊक आहे."

क्रमांक बाजूला सारून तिने एवढंच मोजलं, की कोणते दोघे किती वेळा एकत्र पडले. अकरा जण शंभरातल्या नव्वद वेळा एकत्र होते. त्यांतल्या नऊ जणांना औषधाने उतार पडला होता. उरलेल्या एकोणतिसांत फक्त एकाला.

औषधाचा निर्णय ज्यांच्या हाती होता, त्या डॉक्टरीणबाईंनी चार वाजता तिचा कागद दोनदा वाचला. "नक्की?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. "नक्की नाही. गटाची खात्री शंभरात नव्वद. औषधाचं पुन्हा तपासावं लागेल."

"मी रोज याहून कमी खात्रीवर माणसांना गोळ्या देते, बाई." त्यांनी समोरच्या आदेशातलं 'सर्वांचे बंद' खोडलं. "या अकरा जणांचं चालू. त्या एकाचंही."

आकडेवालीचे डोळे भरून आले. "आणि बाकीचे?"

"त्यांचं औषध हे नव्हेच, एवढं तरी आज कळलं. त्यांचं कुठलं, ते उद्यापासून दोघी मिळून शोधू."