जी हाक मारत नाही

वर्लीन टॉल्बर्टच्या घरी दोन जाड पाकिटं होती. त्या काळी, म्हणजे एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमारास, अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या त्या गिरणीच्या गावात सगळ्यांना ठाऊक असे: नर्सिंग बोर्डाकडून पातळ पाकीट आलं तर आत परवाना, जाड आलं तर पुन्हा परीक्षेला बसायचे अर्ज. दोन्ही पाकिटं तिने बायबलखाली दाबून ठेवली होती. टाकवत नव्हती आणि बघवतही नव्हती.

वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून अंगं पुसण्यात तिची बारा वर्षं गेली. नवऱ्याची छाती गिरणीच्या कापसाने भरलेली, तो आता उठत नसे. प्रॅक्टिकल नर्सचा परवाना मिळाला तरच घर उभं राहणार होतं. तिसऱ्यांदा नापास झाली तर बोर्ड पुन्हा वर्षभर शाळेत बसवणार, आणि तेवढा दम घरात उरला नव्हता.

"काय डॉक्टरीणबाई, या खेपेला तरी?" सोबतची लुडी चिडवायची. "नाहीतर तिसरं पाकीट मला दे हो, माझं दार वाऱ्याने आपटतं!"

प्रत्येक खाटेच्या पायाशी एक तक्ता लटकत असे. दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवायचं आणि सही करायची: सात, नऊ, अकरा, एक. पण रुग्ण तीस आणि मदतनीस बाया तीन! सगळ्याजणी सकाळी सातलाच चारही चौकटींत सह्या ठोकून मोकळ्या होत. 'करायचंच तर आहे, सही आधी केली म्हणून काय बिघडलं?' वर्लीनही तेच म्हणे. गेले तीन आठवडे वळवायच्या त्या वेळात ती चादरींच्या खोलीत पुस्तक उघडून बसत होती.

तिची उजळणी घेत मिस ओझेला. चाळीस वर्षं त्यांनी सुईणपण केलं होतं, आता कमरेखाली लुळ्या होऊन याच वृद्धाश्रमात होत्या. मक्याच्या कण्या भरवता भरवता वर्लीन त्यांना प्रश्न वाचून दाखवी.

"चार रुग्ण. एक पाण्यासाठी ओरडतोय, एक घंटी वाजवतोय, एक कण्हतोय आणि नेहमी बोलणारी एक आज गप्प आहे. आधी कुणाकडे जाल? ओरडणाऱ्याकडेच ना? नाहीतर मोठ्या नर्स मिसेस प्रूइट धावून येतील."

"म्हणून तर दोनदा आपटलीस!" ओझेला हसल्या. "बाळंतीण ओरडत असली की मी निवांत तंबाखू चघळायची. गप्प झाली की धावायची."

परीक्षा मंगळवारी होती. आधीच्या गुरुवारी वर्लीन पुस्तक घेऊनच त्यांच्या खोलीत शिरली. "मिस ओझेला, आज औषधांच्या मात्रा घेऊ या हं."

उत्तर नाही. कण्या तशाच थिजलेल्या. कपाळ तापलेलं. खोलीत कसलासा वास. तिने चादर दूर केली आणि त्यांना कुशीवर वळवलं. एकाच अंगावर पडून पडून कमरेच्या हाडावर तळव्याएवढी काळी जखम!

"अहो, हाक का नाही मारलीत?"

"तू वाचत होतीस ना, पोरी," ओझेला पुटपुटल्या. "म्हटलं, या वेळी पास होऊ दे हिला."

घड्याळात अकरा वीस झाले होते. तक्त्यावर एकच्या चौकटीतही वर्लीनची सही होती!

मिसेस प्रूइट आल्या. जखम पाहून त्यांचाही चेहरा उतरला. दार लोटून त्या हळूच म्हणाल्या, "हे तक्ते फाड आणि नवे लिही. दोन दिवस ताप होता, म्हणून वळवता आलं नाही, असं लिही. तुझं चारित्र्याचं पत्र अजून सहीविना माझ्या टेबलावर आहे, वर्लीन. मंगळवारी ते नसेल तर परीक्षेला बसू देणार नाहीत."

कोरा तक्ता मांडीवर घेऊन वर्लीन खाटेपाशी रडत राहिली. नवऱ्याचा खोकला कानात घुमत होता. पेन टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं.

ओझेलांनी डोळे उघडले. "मला लिहिता येत नव्हतं. जन्माच्या दाखल्यावर मी फुली मारायची. पण बाळ हातात आल्यावरच, आधी कधी नाही. एकदा घाईत आधी मारली असती ना, तर एक मेलेलं बाळ कागदावर जिवंत राहिलं असतं."

वर्लीनने कोरा तक्ता बाजूला ठेवला. जुने तक्ते काढून तीन आठवड्यांच्या चौकटींत, आपल्याच सह्यांवर, तिने लिहिलं: 'वळवलं नाही.' मग उठून तिने स्वतः डॉक्टरांना फोन लावला.

पत्रावर सही झाली नाही. मंगळवार आला आणि गेला. त्या मंगळवारी नऊ वाजता वर्लीनने ओझेलांना कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली आणि मगच सही केली. शेजारच्या खाटेपाशी लुडीच्या तक्त्यातही त्या दिवशी नऊपर्यंतच्या दोनच सह्या होत्या, पुढच्या चौकटी कोऱ्या.

मिस ओझेला जूनमध्ये गेल्या. ऑक्टोबरात डॉक्टरांच्या पत्रावर वर्लीन परीक्षेला बसली, आणि थंडीत पाकीट आलं. पातळ! ते छातीशी धरून ती खूप वेळ रडली. उजळणी घेणारीच नव्हती.

वाचकहो, न केलेल्या कामावर आपण सही ठोकतो, तेव्हा त्या कागदाखाली कुणीतरी एकाच कुशीवर पडून असतं. ओरडणाऱ्याकडे तर सारं घर धावतं. तुमच्या घरात कोण गप्प आहे? आधी तिकडे जा.