पुनर्वाचनाची प्रत

प्रा. धर्मराज यांनी तीन कथासंग्रह लिहिले आणि चाळीसेक मुलाखती दिल्या. प्रत्येक मुलाखतीत प्रेरणेचा प्रश्न आला की ते डोळे मिटत आणि सांगत, "लिहायला बसण्याआधी मी माझे लाडके कथासंग्रह, कवितासंग्रह पुन्हा वाचतो. त्यातही सत्यशीलाबाईंचा 'बोरीच्या काट्यावरचं ऊन'. दरवर्षी. त्याशिवाय मला पहिली ओळच सुचत नाही." आष्टी तालुक्यात हे वाक्य एवढं पसरलं होतं की एका विद्यार्थ्याने ते उत्तरपत्रिकेत लिहून मार्क मिळवले होते.

हे नाव घेण्यात सोय होती. मोठ्या कवीचं नाव घेतलं तर समोरच्याने तो वाचलेला निघतो आणि प्रश्न विचारत बसतो. सत्यशीलाबाई म्हणजे चौसाळ्याच्या शाळेतल्या बाई, आता निवृत्त. संग्रह एकच, बावीस वर्षांपूर्वीचा, प्रती दोनशे. त्यांचं नाव घेतलं की नम्रताही दिसते आणि धोकाही नाही.

धोका बुधवारी फोनवरून आला.

"सर, माझी दुसरी आवृत्ती निघतीय," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पण छापायला प्रतच न्हाई. घरातल्या उधईनं खाल्ल्या. ज्यांना वाटल्या त्यांना विचारलं, तर ते म्हणतात, कोणतं पुस्तक? हस्तलिखित प्रेसमध्येच राहिलं आणि प्रेस बंद पडून दहा वर्षं झाली. आता तुमच्याकडची तेवढी एक. रविवारी संमेलनात तुमची मुलाखत मीच घेणार हाय, तेव्हा घेऊन या."

"अहो, ती तर माझ्या उशाशीच असते," सर म्हणाले आणि स्टूल शोधायला लागले.

कपाटावर 'सप्रेम भेट' आलेल्या पुस्तकांची चळत होती. तिसऱ्या थरात ती प्रत निघाली. सुरुवातीची आठ पानं सुटी होती. त्यापुढची सगळी वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली, प्रेसमधून जशी आली तशीच. बावीस वर्षं ज्या पुस्तकाने सरांना प्रेरणा दिली, त्यात शिरायला वाटच नव्हती.

शनिवारी दुपारी सरांनी स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि पानं फाडायला बसले. मग चार रंगांची पेनं घेतली. प्रत्येक पानावर दोन-चार ओळी अधोरेखित, समासात एक-दोन उद्गार आणि खाली साल, असा नियम त्यांनी ठरवला. उद्गार आधीच कागदावर काढून ठेवले होते: 'आईची आठवण', 'एकाकीपण', 'इथे थांबलो', 'हेच तर जगणं'. मुखपृष्ठावर थोडा चहा सांडला.

बायको, उज्ज्वलाबाई, भाजीसाठी सुरी मागायला आल्या आणि बघतच राहिल्या.

"आवो, रेघा वढता वढता एखादी वळ वाचत बी जावा की."

"वाचायला वेळ कुठाय? अजून २०१४ साल राहिलंय."

"आन् २००९ मधी तर तुमच्या डोळ्याचं आपरेशन झालतं. त्या साली कसं काय वाचलं?"

सरांनी त्या वर्षाच्या उद्गारापुढे 'धूसर' असा शब्द वाढवला.

रविवारी चौसाळ्यात मंडप भरला. रसिक पुढे बसले, मागे सावलीला सटवा धनगर बसला होता. बाजारात दोन बकरी विकून तो घरी निघाला होता आणि ऊन उतरायची वाट बघत होता. सत्यशीलाबाईंनी प्रत हातात घेतली. पान न् पान रंगलेलं बघून त्यांचे डोळे भरून आले. असं कुणी आपल्याला वाचलं असेल, हे त्यांनी कधी खरं मानलं नव्हतं.

"सर, जिथं सगळ्यात जास्त रेघा हायत, तेच पान वाचते," त्या म्हणाल्या. सरांनी डोळे मिटले.

"औषध पाजताना शेळीची मान फार वर धरू नये," बाईंनी वाचलं, क्षणभर थांबल्या, मग सावकाश पुढे गेल्या. "ठसका लागतो. समासात सरांनी लिहिलंय, 'आईची आठवण, २०११'." पुढच्या रांगेतून एक "वा" आला. "आजारी शेळी कळपातून वेगळी बांधावी. 'एकाकीपण, २०१८'."

टाळ्या पडल्या. एका समीक्षकाने वहीत 'प्राणिप्रतिमा' असा शब्द टिपून घेतला. सर डोळे मिटूनच मान हलवत होते.

"बाई," मागून सटवा म्हणाला, "हे औषद गाभण शेळीला चालतंय का?"

बाईंनी पान उलटलं. "न्हाई म्हणतंय. डॉक्टरला इचारून द्यावं. त्याच्याखाली सरांनी दोनदा रेघ मारलीय. 'हेच तर जगणं'."

"बराबर हाय," सटवा म्हणाला.

आता सरांनी डोळे उघडले. बाई पानं मोजत होत्या. तेहेतीस ते अठ्ठेचाळीस, सोळा पानं. त्यांनी माइक जवळ ओढला आणि वर्गात बोलत तशा आवाजात सांगितलं, "बायंडरनं या प्रतीत चुकून एक फॉर्म, म्हणजे ही सोळा पानं, शेळीपालनाच्या पुस्तिकेचा घातलाय. तेव्हा एकाच प्रेसमध्ये दोन्ही छापत होते. या पानांच्या जागी असलेल्या माझ्या बारा कविता यात न्हाईत. पहिल्याच वर्षी कुणी सांगितलं असतं, तर प्रेस चालू होता. हस्तलिखिताचे कागद तिथंच होते. जाऊन आणले असते."

समीक्षकाने वहीतला शब्द खोडला.

"मला त्यातल्या दोनच आठवतात, त्या बी अर्ध्या," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि माइक सरांकडे सरकवला.

"तुमी दरवर्षी वाचता. पाठच असतील. सांगा सर, लिहून घेते."