मेंग साहेबांना हवं असलेलं भूत

डुकराचं मुंडकं मीच निवडून आणलं होतं, चांगलं हसरं. खाटीक म्हणाला, सगळी सारखीच असतात. मी म्हटलं, मग ते डावीकडचं का रडतंय? शूटिंग सुरू करायच्या पूजेला मुंडकं हसरं नसलं तर पूजा केली काय नि न केली काय. सगळ्या युनिटने ओळीने त्याच्यापुढे डोकं टेकलं. कोणी म्हणालं पाऊस नको, कोणी म्हणालं शिडीवरून कोणी पडायला नको. आमचे दिग्दर्शक मेंग साहेब मात्र डोकं टेकवून मोठ्याने म्हणाले, "एक भूत पाठव. छोटं असलं तरी चालेल."

कोणी हसलं नाही. भुताच्या पिक्चरच्या सेटवर खरं भूत दिसलं की पिक्चर धो धो चालतो, हे आमच्याकडे लाइटवाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळे मानतात. मेंग साहेबांचे आधीचे दोन पिक्चर सणसणीत आपटले होते, आणि त्या दोन्ही सेटवर भूत सोडा, मांजरसुद्धा फिरकलं नव्हतं. तिसरा आपटला तर सासऱ्यांच्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानात उभं राहायचं, असं घरी ठरलं होतं. सासऱ्यांनी त्यांच्या मापाचा एप्रनही शिवून ठेवला होता.

पिक्चर होता शापित हंसांचा. लग्नातली लाकडी हंसांची जोडी आमच्याकडे घरोघर असते. गोडीगुलाबी असली की हंस चोचीला चोच लावून उभे. भांडण झालं की ज्याला राग आलाय तो आपला हंस फिरवतो आणि समोरच्याला शेपटी दाखवतो. आमच्या पिक्चरमध्ये हंस आपोआप पाठ फिरवायचा आणि सकाळी घरातलं कोणीतरी मेलेलं सापडायचं.

युनिटमध्ये प्रॉपर्टी, म्हणजे सेटवरचं सामान, सांभाळते मी. सोलच्या बाजारातून एक जोडी आणली होती, पण ती पाहून मेंग साहेबांनी नाक मुरडलं. "हे हंस काल जन्मलेत," म्हणाले. शूटिंगसाठी सांगजूजवळच्या खेड्यात शिम काकांचं कौलारू घर भाड्याने घेतलं होतं. सोललेली पर्सिमनची केशरी फळं वळचणीला दोऱ्यांवर वाळत होती, आणि आमचे लोक येताजाता ती तोडून खात होते, त्यामुळे दर शॉटमध्ये माळ आखूड होत होती. त्या घराच्या आतल्या खोलीत, जुन्या पेटाऱ्यावर, साहेबांना हवे तसे हंस दिसले. रंग उडालेले, चोच झिजलेली, एकमेकांना शेपट्या दाखवून उभे.

मी घरमालकीण बुन-रे काकूंना भीत भीत विचारलं, "काकू, हे वापरले तर चालतील? पिक्चरमध्ये ते शापित आहेत, म्हणून विचारते."

"शापित?" काकू लसूण सोलत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. "ने खुशाल. यांच्याहून शापित जोडी अख्ख्या जिल्ह्यात मिळायची नाही तुला."

मग कळलं की या घरात नवराबायको एकमेकांशी बोलतच नाहीत. कित्येक वर्षं. आम्ही आल्यावर त्यांची सोयच झाली. काकू हाक मारायच्या, "अगं सामानवाली, त्या गृहस्थांना सांग, भात झालाय." गृहस्थ दोन हातांवर बसलेले असायचे. ते मला म्हणायचे, "सांग, ऐकलं." सुरुवातीला मला मजा वाटली. पुढे पुढे डोकं फिरायला लागलं. मी हंस सांभाळायला आले होते की टपाल वाटायला?

मग एका दुपारी सगळे जेवणाच्या गाडीपाशी गेलेले असताना हंस फिरले.

जाताना शेपटीला शेपटी होती. आलो तेव्हा चोचीला चोच. मी आधी आमच्याच लोकांवर तोंड सोडलं, कोणी हात लावला म्हणून. सगळ्यांनी शपथा घेतल्या. मेंग साहेब पेटाऱ्यापुढे मटकन बसले आणि म्हणाले, "परत पाठीला पाठ लाव. भूत असेल तर पुन्हा फिरवेल." मी लावली. दुसऱ्या दुपारी हंस पुन्हा समोरासमोर. मी परत फिरवले, ते परत वळले. साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "माझ्या पटकथेत ते पाठ फिरवतं," म्हणाले, "आणि हे समोरासमोर आणतंय! भुताला माझ्यापेक्षा जास्त कळतं!"

त्यानंतर युनिटला जे उधाण आलं ते विचारू नका. आवाजवाला प्यो म्हणाला, त्याला हेडफोनवर श्वास ऐकू येतो. मेकअपवालीच्या मानेवर गार हात लागला. साहेबांनी फर्मान काढलं: या हंसांना कोणी बोट लावायचं नाही, बाकीचे शॉट माझी बाजारची जोडी रंगवून घ्यायचे. पेटाऱ्यावर भुतासाठी तांदळाचे केक आणि वाटीभर तांदळाची दारू रोज ठेवायला लागले. केक संपायचे. दारूसुद्धा संपायची. शेवटच्या दिवसासाठी सोलच्या वार्ताहर बाईंना बोलावणं गेलं.

या सगळ्यात काकूंनी मला एकदा परसात गाठलं. परसात मातीच्या रांजणांचा ओटा होता, पण रांजण मोजकेच, आणि मधोमध एक मोठी रिकामी जागा. "तुमचं शूटिंग संपलं की मी बुसानला लेकीकडे चालले," त्या म्हणाल्या. "कायमची. पिशवी भरून ठेवलीय. त्या गृहस्थांना यातलं अक्षर सांगायचं नाही."

"अहो पण काकू..."

"तू हंस सांभाळ."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी वाद घातला असता. राग नव्हताच. दमलेल्या होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी जेवायला गेले आणि चमचा विसरला म्हणून परत आले, तर पेटाऱ्यापुढे भूत बसलेलं. मोज्यांना भोक, तोंडात तांदळाचा केक. शर्टाच्या बाहीने हंस पुसत होतं.

"काका!"

शिम काकांना ठसका लागला. मी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, त्यातले दोनतीन जास्तच जोरात बसले असतील. घास उतरल्यावर ते लहान मुलासारखे हसले.

"ओरडू नकोस. तिने राग सोडला."

"कोणी सोडला?"

"आमच्या हिने. हा नर माझा, मादी तिची. तुम्ही लोक आलात, सगळं सामान इकडून तिकडे होत होतं, म्हटलं आता दोन्ही फिरवावेत, कोणाच्या लक्षात येतंय. मी फिरवले, तिने परत पाठीला पाठ लावली. दोनदा लावली. मग थांबली!" त्यांनी चोचीला चोच लावलेल्या त्या जोडीकडे बोट दाखवलं. "बघ, इतके दिवस झाले, हात लावला नाही तिने."

मी कपाळाला हात लावला. युनिटला वाटत होतं भूत फिरवतंय. काकूंना वाटत होतं आम्ही फिरवतोय. आणि या भल्या माणसाला वाटत होतं की बायकोने माफ केलं.

"काका, परत पाठ मी लावत होते," मी म्हटलं. "तुम्ही फिरवताय याचा काकूंना पत्तासुद्धा नाही. आणि शूटिंग संपलं की त्या बुसानला चालल्यात, कायमच्या. मी सांगणार नाही म्हटलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही."

त्यांनी हातातला केक खाली ठेवला. मग परसाच्या दिशेने बघत सांगू लागले. काकू आजारी माणसाच्या सोबतीला माहेरी गेल्या होत्या. सोलची एक कॉफीच्या दुकानवाली बाई आली, शोभेला जुने रांजण हवेत म्हणाली. काकांनी सगळ्यांत मोठा दिला. तो रिकामा करायला हवा होता. आत होता सोया सॉस, काकूंच्या आईने लग्नात दिलेला, तिच्या आईने तिला दिलेला. दरवर्षी नव्या सॉसमध्ये त्याचंच विरजण पडायचं. काळाकुट्ट झाला होता, तळाला खडे धरले होते. काकांना वाटलं, खराब झाला. ओतला मिरचीच्या वाफ्यात.

"आई गं!" मी म्हणाले. मला स्वयंपाकातलं फार कळत नाही, पण एवढं कळतं. माझ्या आईचा कोणी ओतला असता तर मी त्या माणसाला वाफ्यातच पुरलं असतं.

"तू सांगशील तिला? चूक झाली म्हणून?"

"नाही."

"भाताचं सांगतेस की."

"भाताचं सांगेन. हे तुमच्या तोंडाने सांगा. हंसाच्याही नको आणि माझ्याही नको."

मी चमचा घेतला आणि निघून गेले. जेवण गेलं नाही.

शेवटचा दिवस उजाडला. शेवटचा शॉट जुन्या हंसांचाच होता. कॅमेरा लांबून त्यांच्यावर लावून ठेवायचा, सगळ्यांनी श्वास रोखायचा, आणि भुताने सगळ्यांदेखत फिरवून दाखवायचं, असा साहेबांचा बेत. वार्ताहर बाई वही उघडून बसल्या होत्या. बाहेर ओसरीवर काकू चांगला कोट घालून, पिशवी मांडीवर घेऊन टॅक्सीची वाट बघत होत्या. सरकतं दार उघडंच होतं. काका कुठे दिसत नव्हते, आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते.

"शांतता!" साहेब ओरडले. "ॲक्शन!"

घर इतकं गप्प झालं की वळचणीवरच्या माश्या ऐकू यायला लागल्या. गल्लीत टॅक्सी येऊन थांबली. आणि मागच्या दारातून काका आत आले, सरळ कॅमेऱ्यासमोर. प्यो हात हलवून हलवून त्यांना बाजूला व्हायला सांगत होता. काका हंसांपुढे बसले, मेंग साहेबांना वाकून नमस्कार केला.

"साहेब, भूत नाही. मी होतो. केक पण मीच खाल्ले."

वार्ताहर बाईंचं पेन थांबलं. साहेबांचा चेहरा असा पडला की मला तो एप्रन दिसायलाच लागला. पण काका तोवर ओसरीकडे वळले होते.

"अगं," ते म्हणाले. ओसरीवरची पाठ हलली नाही. "तुझ्या आईचा सॉस मी ओतला. तुला न विचारता ओतला. चूक झाली माझी."

"सामानवाली," काकू समोर बघत म्हणाल्या, "त्या गृहस्थांना विचार, ओतायच्या आधी चव तरी घेतली होती का?"

मी तोंड गच्च मिटून उभी राहिले. शेवटी काकाच बोलले.

"आधी नाही घेतली. ओतल्यावर बोटाला लागलं होतं, ते चाटलं." ते म्हणाले. "तेव्हाच कळलं काय केलं ते. तू आजपर्यंत मला जे जे खाऊ घातलंस ते सगळं होतं त्यात. तू आलीस तेव्हा तोंड उघडवेना. मग रोज वाटायचं, आज सांगू. रोज काल सांगायला हवं होतं असं वाटायचं."

गल्लीतून टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. काकू उठल्या, पिशवी उचलली. दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. मागे वळल्या तेव्हा त्यांचे गाल ओले होते.

"अहो," त्या म्हणाल्या. मला नाही, त्यांना. "तो भोकाच्या मोज्याचा पाय घेऊन लेकीच्या दारात उभे राहणार आहात का? दुसरे मोजे घाला. कोट घ्या."

"मी?" काका म्हणाले.

"मग कोण, भूत? लेकीच्या लग्नात तिला बरणीभर दिला होता त्यातला. अजून आहे तिच्याकडे. मी काय नातवंडांचं नाक पुसायला चालले होते? त्या बरणीपाशी मरावं म्हणून चालले होते. आता तुम्ही बोललातच, तर चला, निम्मा मागून आणू, आणि येताना रांजण बघू. चांगला मोठा. आणि या खेपेला वाजवून मी घेणार, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही."

काका धावले. एक मोजा हातात, एक पायात, कोटाची एक बाही आत आणि दुसरी लोंबकळत, ते टॅक्सीत शिरले. इतक्या वर्षांचं साठलेलं काकूंनी दार लागायच्या आधीच सुरू केलं होतं: माझ्या छत्र्यांचं काय केलंत, छपराचं सांगितलं होतं त्याचं काय, त्या कॉफीवाल्या बाईने पैसे तरी दिले का. दर वाक्याला काकांचं "हो गं, हो गं" ऐकू येत होतं.

टॅक्सी गेली तरी मेंग साहेबांना 'कट' म्हणायचं सुचलं नव्हतं. वार्ताहर बाई नाक पुसत होत्या. प्योच्या कानांवर हेडफोन तसेच होते.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "अजून ऐकू येतंय. काकू दम घ्यायला थांबल्या नाहीत."