शिट्टीबाईंची पाठ

जिममधल्या बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर एकच पाटी होती: मोबाईल वापरू नये. बाकीचे नियम कोणी लिहिलेले नव्हते, आणि तेच जास्त कडक होते. अख्खी रांग रिकामी असताना कोणाच्या शेजारचं लॉकर घ्यायचं नाही. अंग पुसणाऱ्या बाईशी बोलायला जायचं नाही. एखादी वजनकाट्यावर चढली की बाकीच्यांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागायचं, नाड्या नसल्या तरी. आणि मुख्य म्हणजे बघायचं नाही. इतक्या उघड्या बायका एका खोलीत, पण प्रत्येकीची नजर आपापल्या लॉकरच्या दाराला चिकटलेली.

टॉवेलवालीला तर याहून वरचे नियम. आत शिरताना "येते हं" असा आवाज द्यायचा. मान खाली ठेवायची. ओले टॉवेल उचलायचे, कोरडे ठेवायचे, फरशी पुसायची. कोणी बोललं तरच बोलायचं, हसलं तरच हसायचं. कोणाच्या अंगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, चांगलासुद्धा नाही. हे ती ठेच खाऊन शिकली होती. एकदा एका मुलीला ती कौतुकानं म्हणाली, "छान बारीक झालात हो!" पोरगी नुकती दुखण्यातून उठलेली. ती रडत बाहेर गेली आणि तासाभरात मॅनेजरचं बोलावणं आलं. मॅनेजर म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा. त्या खोलीत त्यानं जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, पण तिथं कसं वागावं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. "मावशी, लोक इथे निवांतपणासाठी येतात. पुन्हा तक्रार आली तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही." नवऱ्याचा कारखाना बंद पडून तो घरी बसलेला, मुलगी शिकणारी. तिनं जीभ आवरली ती आवरलीच.

शिट्टीबाई हे नाव जिममधल्या नोकरमाणसांनी ठेवलेलं. बाई शाळेत खेळ शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण आवाज अजून मैदानावरचाच होता. जिमच्या तलावात पोहून आल्या की टॉवेल हातात घेऊन, ओल्या अंगानं, खुशाल खोलीभर फिरायच्या. लाजायचं वय गेलं म्हणायच्या, आणि ते आलं कधी होतं कोणास ठाऊक. "अगं, मुलीचा निकाल लागला का?" "अगं, गुडघा कसा आहे? बादली उचलताना कमरेतून वाकू नकोस, किती वेळा सांगायचं!" वर 'आमचे हे असं म्हणतात' आणि 'आमच्या ह्यांना तसलं चालत नाही' हे पालुपद. त्या खोलीत टॉवेलवालीला माणसात मोजणारी ही एकच बाई होती.

उन्हाळा सरत आला तेव्हा टॉवेलवालीला त्यांच्या पाठीवर तो तीळ पहिल्यांदा दिसला. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, शर्टाच्या बटणाएवढा. असतात तीळ माणसाला. पण हा वाढायला लागला. एका बाजूनं त्याची कड वेडीवाकडी झाली, मधला भाग ओलसर चकाकायला लागला. थंडी पडली तेव्हा बाईंच्या टॉवेलवर रक्ताचा ठिपका आला. तिनं तो टॉवेल वेगळा काढून थंड पाण्यात चोळला. थोड्या दिवसांनी पुन्हा ठिपका, पुन्हा चोळणं.

आणि दिसत होतं ते काही तिला एकटीलाच नव्हे. न बघणाऱ्या बायकांना सगळं दिसत असतं. रोज येणाऱ्या वकीलबाईंची नजर त्या पाठीवर पडून चटका बसल्यासारखी मागे फिरलेली तिनं पाहिली होती. दातांची डॉक्टर आरशापुढे केस विंचरत होती, तिची फणी केसातच थांबली आणि मग दुप्पट वेगानं चालू झाली. टॉवेलवालीला हायसं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं म्हणजे त्या बोलतीलच. शिवाय बाईंच्या घरी त्यांचे 'हे' आहेत, त्यांना बायकोची पाठ दिसत नसेल होय?

रात्री तिनं नवऱ्याजवळ विषय काढला. "नसती उठाठेव करू नकोस," तो म्हणाला. "मोठ्या लोकांना त्यांचे डॉक्टर असतात. आपलं घर तुझ्या एकटीवर चाललंय, विसरलीस का?" ती विसरली नव्हती. म्हणूनच तर गप्प होती.

एका दुपारी खोलीत दोघीच होत्या. शिट्टीबाई बाकावर बसून हात मागे नेण्याची खटपट करत होत्या.

"अगं, इकडे ये जरा. पाठ खाजतेय मेली, हात पोचत नाही. खाजव बघू."

टॉवेलवाली जागच्या जागी थबकली. अंगाला हात लावायचा म्हणजे नोकरीवर पाणीच. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलून गेली, "घरी तुमचे हे... त्यांना नाही का सांगत?"

"ह्यांना?" शिट्टीबाई हसल्या. "अगं, ते जाऊन चार वर्षं झाली. माझी आपली बोलायची सवय जात नाही. तेव्हापासून ही पाठ बघायला कोण बसलंय!"

ज्याच्या भरवशावर सगळी खोली गप्प होती, तो माणूसच घरात नव्हता.

"बाई, तिथे खाजवू नका. जखम आहे. रक्त येतं त्यातून."

"कसली जखम? मला काही दुखत नाही."

टॉवेलवालीनं शेल्फवरचा छोटा आरसा आणला, त्यांना मोठ्या आरशाकडे पाठ करून उभं केलं आणि छोटा आरसा त्यांच्या हातात दिला. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"हे कधी झालं गं?"

आत्ता खरं सांगायला हवं होतं. "मला आत्ताच दिसलं, बाई," ती म्हणाली.

"बरं झालं बोललीस," शिट्टीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्या गालाला हात लावला. टॉवेलवाली त्या रात्री कूस बदलत राहिली. लाज वाटत होती, आणि त्याहून लाज याची की खोटं पचलं म्हणून आत कुठेतरी बरंही वाटत होतं.

पुढे बरेच आठवडे बाई आल्या नाहीत. मग एका सकाळी, खोली भरलेली असताना, लॉकर रिकामं करायला आल्या. चेहरा निम्मा झालेला, कपडे अंगावर लोंबणारे. त्या दारात दिसताच सगळ्या बायका बुटांवर वाकल्या.

"माना खाली कशाला घालताय? भूत नाही मी. अजून तरी." त्यांनी लॉकर उघडून सामान पिशवीत भरलं. "कॅन्सर आहे. पाठीवरून आत उतरलाय, हाडांपर्यंत. डॉक्टर म्हणाले, थंडीच्या आधी आला असतात तर एवढासा तुकडा कापून मोकळ्या झाला असतात. पण पाठीला का डोळे असतात? कोणाला बोल लावायचा?" मग त्यांनी टॉवेलवालीचा हात धरला. "ही मात्र गुणाची निघाली. दिसलं त्या क्षणी बोलली. तुम्ही सभ्य बायका, तुम्हाला दिसलंच नसणार. पण दिसलं की बोलायचं असतं, ते हिच्याकडून शिका."

वकीलबाई एकच बूट पुन्हा पुन्हा चढवत होत्या. दातांच्या डॉक्टरनं केस सुकवायचं यंत्र बंद केलं. टॉवेलवालीच्या घशाखाली ती शाबासकी उतरेना. शिव्या घातल्या असत्या तर तिनं मुकाट्यानं ऐकल्या असत्या.

"बाई, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला उन्हाळ्यातच दिसलं होतं. टॉवेलला रक्त लागायचं, ते मीच धुवायचे. मला वाटलं, घरी साहेब आहेत, ते बघतील. नोकरी जाईल म्हणून भ्याले."

शिट्टीबाईंनी हात लगेच सोडला नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, शाळेत हजेरी घेताना फिरवावी तशी, एकेका चेहऱ्यावर थांबत.

"आणि तुम्हाला?"

दातांची डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मला?" शिट्टीबाईंना खरंच उत्तर हवं होतं. "मला कसं माहीत असेल गं?"

त्यांनी टॉवेलवालीचा हात सोडला आणि पिशवी उचलली. टॉवेलवाली बादली घेऊन वाटेतच उभी होती. काय करावं ते तिला सुचत नव्हतं.

"अहो, जरा सरकता का?" शिट्टीबाई म्हणाल्या.

ती सरकली. अनोळखी माणसाशी बोलावं इतक्या परकेपणानं बाई बोलल्या होत्या. तो 'अहो' तिला कानफटात बसल्यासारखा लागला.

पुढचा उन्हाळा लागायच्या आत बाई गेल्याची बातमी आली. खोलीत कोणी विषय काढला नाही. त्यांचं लॉकर दुसऱ्या कोणाला तरी मिळालं.

मग एका दुपारी वकीलबाई अवेळी आल्या. खोलीत दुसरं कोणी नाही ना, हे त्यांनी शॉवरची दारं ढकलून पाहिलं. टॉवेलवालीकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि टॉवेल कमरेपर्यंत खाली सोडला.

"जरा बघतेस का मागे काही आहे का? कोणाला सांगू नकोस हं."

टॉवेलवालीला असा संताप आला की ओला पोछा तसाच त्यांच्या पायाशी आपटावा. पण ती म्हणाली, "दिव्याखाली या." तिनं मानेपासून कमरेपर्यंत सगळी पाठ बघितली. पाठ स्वच्छ होती. "काही नाही," ती म्हणाली. वकीलबाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि भराभर कपडे चढवले.

दुसऱ्या दिवशी दातांची डॉक्टर आली. मग आणखी एकजण, मग आणखी एक. सगळ्या एकेकट्या, सगळ्या आवाज खाली करून. टॉवेलवाली प्रत्येकीची पाठ बघायची. "नीट बघ गं, पुन्हा एकदा बघ," काहीजणी म्हणायच्या, आणि ती पुन्हा बघायची.