मीनाच्या दातांची तार मी कापली

“हुरडा खाल्लास ना? कडक-चिवट काही खायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं तुला?”

दातांवरची तार गायब बघून डॉक्टरीणबाई तापल्या होत्या. मीना खुर्चीत आ करून पडल्याली. तिनं मान हलवली, खाल्ला म्हणून.

साफ खोटं. तिनं एक दाणा बी खाल्ला नव्हता. अन् तिचा बाप मच्छिंद्र बाजूला उभा राहून गुमान ऐकून राह्यला होता. मी त्याच्याच खिशात होतो, मित्रांनो.

मी एक जुना कटर आहे. जाफराबादला मच्छिंद्रचं पाण्याच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. तांब्याची तार मी एका दाबात कापायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, “मच्छिंद्रभाऊ, ह्यो कटर मला देऊन टाका.” लई माज आल्ता मला.

मीनाचे वरचे दात पुढं. हसू आलं की ओढणी तोंडावर. वैशाखात तिच्या बहिणीचं, साधनाचं लग्न. त्या फोटोत तोंड न झाकता हसायचं, एवढंच तिला पाह्यजे होतं. जालन्याच्या ह्या बाई म्हणल्या होत्या, तार लावून दात मागं घ्यायला दीड वर्ष लागंल. मीनानं मनातल्या मनात वैशाखच धरला. तार आवळून आली की चार दिवस भाकर दुधात कुस्करून खायाची, पण कधी रडली न्हाई.

एका रविवारी तारेचं मागचं टोक गालात घुसलं. गाल आतून सोलून निघाला. दोन दिवस पोटात अन्न न्हाई.

“पप्पा, बाईंना फोन लावा ना.”

“एवढ्याला फोन कशाला? तारच हाय ना? माझी जिंदगी तारांतच गेली.”

मागच्या टोकाला मी पोचंना. मंग त्यानं मला समोरच्या दातांपाशीच लावलं. मी बी जोर केला. तुकडे करून तार ओढून काढली, पुढच्या दातावरची तार धरणारी चकती बी निघून आली. तार पोलादी, माझ्या पात्याला खाच पडली. पण मीना त्या दिवशी पोटभर जेवली. मला वाटलं, काय भारी काम केलं.

तीन आठवडे कुणी बाईंना कळवलंच न्हाई.

आज दुसऱ्या बाजूच्या दाढेत एक तुकडा अडकल्याला सापडला. बाईंनी तो चिमट्यानं उजेडात धरला.

“ही तुटलेली नाही. चेंगरून कापलीय. कशानं?”

“हुरड्यानंच,” मीना म्हणली.

मच्छिंद्रचे कान लाल झाले. त्यानं मला खिशातून काढून ट्रेमधी ठेवलं. “ह्यानं. मी कापली, बाई. पोरीला बोलू नका.”

तिथं सगळी हत्यारं धुतलेली, चकचकीत. मधी मी, काळा, ग्रीस लागल्याला, खाच पडल्याला. कुठं तोंड लपवू असं झालं.

बाईंचा आवाज उतरला. “फोन केला असता तर सांगितलं असतं. मी दिलेल्या डबीत मेण आहे. वाटाण्याएवढं त्या टोकाला लावायचं, झालं.”

“वैशाखापर्यंत होतील का दात?” मीनानं विचारलं.

“नाही गं. दात परत पुढे सरकलेत. आपण चार महिने मागे गेलो.”

मीनानं ओढणी तोंडावर घेतली. ह्या वक्ताला हसू आलं म्हणून न्हाई.

मित्रांनो, तोंडात काही टोचलं तर ज्याचं काम त्याला सांगा. अन् एक काम बराबर येतं म्हणून दुसऱ्याच्या दुखण्यात आपलं हत्यार घालू नका. मला अजून लई सांगायचं...

बाईंनी नवी तार हातात घेतलीय. मच्छिंद्रला म्हणून राह्यल्या, “हे आधी इथून उचला.”

जातो मी.