आधी पाणी

काठीचा पहिला घाव बिराप्पाच्या डाव्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. तरी उजव्या हातातली कोंडवाड्याची कडी त्याने सोडली नाही. आत त्याची मेंढरं उन्हात धापा टाकत होती. दोन कोकरं केव्हाच आडवी झाली होती.

बिराप्पा माण तालुक्यातला मेंढपाळ. विट्याजवळच्या या गावात विहिरीकडे जाताना त्याचा कळप वीरधवलच्या उसात शिरला होता. पिकात शिरलेलं जनावर कोंडायचं, हा ग्रामसभेचा ठराव. उन्हाळ्यात कुठल्याही जनावराला पाण्यावाचून ठेवायचं नाही, हाही ग्रामसभेचाच.

"माजा ऊस खाल्लाय! कोंडलीत ती कोंडलीतच!" वीरधवलने पुन्हा काठी उगारली. बिराप्पाच्या बायकोने, हरणाबाईने, वाकून धोंडा उचलला.

तेवढ्यात क्रांती मधे घुसली. ती वीरधवलची धाकटी बहीण, विट्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारी. खाली येणारी काठी तिचं कपाळ फोडून गेली. रक्त डोळ्यात उतरलं. वीरधवल थबकला.

"दादा, दोन्ही ठराव आपलेच," ती म्हणाली. "पण आत्ता एक पाळला की दुसरा मोडतोय. कोंडायचं कशासाठी ठरवलं, ते सांग."

"भरपाईसाठी!"

"ती उद्या मिळंल. मेलेलं मेंढरू उद्या पाणी पिईल का?"

"आन उद्या जो तो तहानेचं नाव सांगून ऊस चारंल, तवा?"

जमलेल्यांनी माना डोलावल्या. क्रांतीने ओढणीने डोळा पुसला.

"म्हणून मोकळी सोडायची न्हाईत. पाणी पाजायचं आन परत कोंडायची. तुजा ठराव मोडत न्हाई, घडीभर थांबतोय. आन हात मोडायचा ठराव कंचा, त्यो दाव मला."

वीरधवलने काठी दारावर हाणून मोडली. गर्दीतले म्हातारे नाथाजी पुढे झाले, त्यांनी कडी काढली. मेंढरं एकमेकांना तुडवत पाण्याकडे धावली. कोकरं उठली नाहीत.

संध्याकाळी दवाखान्यात हवालदाराने क्रांतीला विचारलं, "हात कुणी मोडला त्याचा?"

आई तिच्या कानाशी लागली. "भाऊ हाय तुजा. बिराप्पा पडला म्हण."

आईचं म्हणणं तिने पुरतं ऐकून घेतलं. पलीकडच्या खाटेवर बिराप्पा कण्हत होता. मग तिने वीरधवलचं नाव सांगितलं. आई उठून बाहेर गेली.